बहिरे असाल तर घरी बसा

आमच्या पेपरात सायकलवाल्याला नाव नसतं. मोटारवाल्याला असतं, गाव असतं, धंदा असतो, माणूस वजनदार असला तर 'सुदैवाने बचावले' असंही असतं. सायकलवाला म्हणजे नुसता 'एक सायकलस्वार'. आणि तो नेहमी अचानक आडवा येतो. सोलापुरातल्या एका दैनिकात आलेल्या बातम्या नीट करायच्या, त्यांना मथळे द्यायचे, हे माझं काम. 'सायकलस्वार अचानक आडवा आल्याने' हे शब्द इतक्या वर्षांत माझ्या बोटांना पाठ झालेत. मी चहाचा कप तोंडाला लावून ते टाइप करू शकते.

हे वाक्य येतं कुठनं, ते सांगते. अपघात होतो. मोटारवाला पोलीस ठाण्यात जातो आणि घडाघडा बोलतो. सायकलवाला सिव्हिल हॉस्पिटलात पडलेला असतो, तो काय बोलणार? आमचा बातमीदार ठाण्यात फोन करतो, तिथला माणूस मोटारवाल्याचं म्हणणं वाचून दाखवतो आणि तीच बातमी म्हणून आमच्या टेबलावर येते. यात कुणी मुद्दाम लबाडी करतं असं नाही हो. दोघांपैकी एकच बोललेला असतो आणि आम्हाला घाई असते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या साहेबांच्या नव्या मोटारीला एका सायकलचं हँडल घासलं. झालं! दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले आणि पान तीनचा अर्धा भाग रोज सायकलवाल्यांच्या उद्धारासाठी राखून ठेवला. वाचकांनी फोटो पाठवायचे, आम्ही छापायचे. उलट्या बाजूनं जाणारा, सिग्नल तोडणारा, कॅरिअरला गॅसची टाकी बांधून निघालेला, ढिगानं फोटो आले. बहुतेक फोटो चालत्या गाडीतनं, एका हातात मोबाइल धरून काढलेले. त्यावर मात्र कुणी एक ओळ लिहिली नाही. मीही नाही लिहिली.

गावातल्या एका मोबाइल चॅनेलवाल्यालाही चेव चढला. चौकात माईक घेऊन उभा राहायचा आणि डबा अडकवून कामावर निघालेल्या म्हाताऱ्याला अडवून विचारायचा, "आजोबा, तुम्हाला जिवाची पर्वा नाही का?" मग आमच्या ऑफिसात रस्ता सुरक्षेवर चर्चा ठेवली. दहा-बारा प्रतिष्ठित आले, सगळे मोटारीतनं. मोटारी लावल्या रस्त्याच्या कडेला, म्हणजे जिथनं सायकली जातात तिथंच. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, मोठ्या रस्त्यावर सायकलला बंदीच घाला. पहाटे हेल्मेट घालून महागडी सायकल फिरवणारे एक डॉक्टर होते. मला वाटलं, हे तरी बोलतील. ते म्हणाले, "आमची आणि त्यांची गल्लत करू नका." मी मान खाली घालून टिपणं घेतली आणि वर त्यांना बिस्किटं दिली.

त्याच आठवड्यात एक फोटो आला. चार सायकलवाले रांगेनं चाललेत, मागं मोटार. खाली वाचकाची तक्रार: हॉर्न वाजवून वाजवून थकलो, एक जण हटायला तयार नाही. मी मथळा दिला, 'बहिरे असाल तर घरी बसा!' साहेबांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात मथळा!" म्हणाले. मला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी जाताना दोनदा मनातल्या मनात तो मथळा म्हणून बघितला.

आता माझ्या वडलांचं सांगते, म्हणजे माझं शहाणपण किती ते कळेल.

आम्ही तेलुगू बोलणारे विणकर. आमच्यात वडलांना नान्ना म्हणतात. मी शाळेत गेले आणि त्याचं नाना केलं. नानांची सगळी उमर यंत्रमागावर गेली. कारखान्यात एका ओळीत माग चालू असले की शेजारच्या माणसानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं मोडल्यासारखी केली की धागा तुटला. टोपी सारखी केल्यासारखं केलं की मालक आला. तळहात आडवा धरला की माग बंद कर. लहानपणी मी डबा घेऊन जायची, तिथंच ही हाताची भाषा शिकले. नाना मला लांबूनच हातानं विचारायचे, आज शाळेत मार खाल्लास का?

आणि हळूहळू कान जातात. सगळ्यांचे जातात, पण एकही विणकर ते कबूल करत नाही. कबूल केलं तर मालक मागावरनं काढील, ही जुनी भीती. माग सुटले तरी भीती सुटत नाही. मग सवय लागते मान डोलावायची. समोरच्याचं तोंड हललं की म्हणायचं, "व्हय, व्हय." नाना दूधवाल्याला व्हय म्हणतात, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्याला व्हय म्हणतात, लाइट बिल का भरलं नाही म्हणून विचारायला आलेल्यालाही व्हय म्हणतात. आमच्याकडं यावर हसतात. मीही हसायची.

आमचं घर कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत. अम्मा विड्या वळते, तिच्यामुळं ते मिळालं. नाना तिथनं रोज सायकलनं शहरात जुन्या कारखान्यात जायचे, टॉवेलच्या घड्या घालायला. "या वयात कशाला जीव दमवता?" असं मी म्हणायची. पण तिथं त्यांच्यासारखे पाच-सहा म्हातारे होते. सगळे तसलेच. दिवसभर एकमेकांशी हातानं गप्पा, चेष्टा, भांडणं. तिथं कुणाला मान डोलवावी लागत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

कुंभारीहून शहरात येणाऱ्या अक्कलकोट रोडवर नाना उलट्या बाजूनं सायकल चालवायचे. नेहमीच. समोरनं ट्रक येतोय, उसाचा ट्रॅक्टर येतोय आणि हे त्याच्याकडं तोंड करून कडेनं चाललेत. एवढंच कशाला, त्या कारखान्यातले सगळेच म्हातारे तसे जायचे. मी एकदा स्कूटीवरनं ते बघितलं. पण खरं सांगू? त्यांच्या जिवाची भीती वाटायच्या आधी दुसराच विचार आला. उद्या कुणी यांचा फोटो काढून आमच्याच पेपरला पाठवला तर? ऑफिसात मी तोंड कुठं लपवू?

घरी येऊन मी भांडण काढलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण माझ्याशी भांडायचं असलं की नाना मराठीवर येतात. पेपरवालीशी पेपरच्या भाषेत बोलावं, असं त्यांना वाटत असणार. मी तोंडानंही बोलत होते आणि हातानंही.

"डाव्या बाजूनं जायचं. नियम आहे," मी डाव्या मांडीवर थाप मारून सांगितलं.

"पुढनं येणारं दिसतंय की मला," नाना म्हणाले. "मागनं येणारं कसं दिसंल?"

"मागनं येणारा हॉर्न देतो!"

नानांनी अम्माकडं बघितलं. अम्मा सुपातल्या तंबाखूवरनं मान वर न करता म्हणाली, "सायकलीला आरसा लावून द्या की. मोटारसायकलीला असतो तसला."

"लोक हसतील," मी म्हणाले. अम्माला वेड्यात काढून मी मोकळी झाले. मग पिशवीतनं पेपर काढला, माझा मथळा नानांच्या पुढं धरला आणि बोट लावून दाखवलं. हे मी लिहिलंय. नाना मराठी सावकाश वाचतात, बोट फिरवत. त्यांनी मथळा वाचला. फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग माझ्याकडं बघून हसले, मान डोलावली, "व्हय, व्हय," म्हणाले आणि पेपरची नीट घडी घालून उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासनं ते डाव्या बाजूनं जायला लागले. मी जिंकले.

अपघात झाला तो गुरुवार. अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची नुसती रीघ. संध्याकाळी पाचच्या सुमारास बातमीदाराचा मजकूर टेबलावर आला: कुंभारी रस्त्यावर मोटारीची सायकलला धडक, वृद्ध जखमी, मोटारचालक म्हणतो की हॉर्न दिला होता. मी 'कुंभारी' वाचलं. पण तिकडं सायकलवर जाणारे म्हातारे काय एक-दोन आहेत? मी बोटं चालवली. 'सायकलस्वार अचानक आडवा आल्याने' आत घातलं. मथळा दिला, 'हॉर्न देऊनही हटला नाही; वृद्ध सायकलस्वार जखमी'. बातमी पुढं ढकलली आणि चहाला उठले. जिन्यात असताना शेजारणीचा फोन आला. नानांकडं मोबाइल नव्हता, त्यांना त्याचा उपयोगच काय? त्यामुळं घरच्यांना कळायच्या आधी बातमी पेपरात पोचली होती.

सिव्हिलमध्ये नाना पांढऱ्या चादरीवर लहानसे दिसत होते. उजवा पाय मांडीत मोडला होता, खांदा बांधला होता. मी बाहेर येऊन साहेबांना फोन केला. म्हटलं, ती बातमी काढा, ते माझे वडील आहेत.

"अरेरे," साहेब म्हणाले. "पण पान छपाईला गेलं गं. आणि घाबरतेस कशाला, नाव कुठंय त्यात?"

नाव नव्हतंच. मीच ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले होते, तेवढ्यात हवालदार नानांचा जबाब घेऊन गेला. आले तेव्हा तो जिन्यातच भेटला. माणूस बरा होता. म्हणाला, "ताई, आजोबांनी सगळं कबूल केलंय. असं असल्यावर मोटारवाल्यावर काय केस हुणार? उलट आजोबांवरच यायची." आणि त्यानं मला कागद दाखवला. 'मी हॉर्न ऐकला होता, तरीही बाजूला झालो नाही.' खाली नानांची सही, मराठीत.

मी धावत वर गेले. अम्माला विचारलं, नेमकं काय झालं? ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, हॉर्न ऐकला काय? हे म्हणाले, व्हय. त्यांनी विचारलं, मग बाजूला का झाला न्हाई? हे म्हणाले, व्हय. मी सांगायला तोंड उघडलं तर यांनी हात आडवा धरला."

कपाळ माझं! आयुष्यभराची ती मान डोलावायची सवय, आणि ती नेमकी इथं नडली. त्याच सकाळी चॅनेलवाल्यानं मोटारवाल्याला उभा करून बोलतं केलं होतं. "म्हातारा ऐकूनसुद्धा हटला नाही," असं तो सांगत होता आणि खाली लोक लिहीत होते, असल्यांना आत टाका. पाय नानांचा मोडला, गुन्हाही नानांवर. मी साहेबांना परत फोन केला. म्हटलं, ते बहिरे आहेत, त्यांनी ऐकलंच नाही, चार ओळींचा खुलासा छापा. ते म्हणाले, "जबाबात ऐकलं म्हणतायत ना? आधी जबाब बदलून आण, मग बघू."

त्यांचंही खरं होतं. मी दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

दोन दिवस मी नानांच्या मागं लागले. हातानं विचारलं, कागदावर लिहून विचारलं. हवालदाराला पुरवणी जबाब घ्यायला परत बोलावते, तुम्ही फक्त सांगायचं की मला ऐकू येत नाही. कानाची तपासणी इथंच होते, वरच्या मजल्यावर. नाना छताकडं बघत पडायचे. दुसऱ्या दिवशी माझा संयम संपला. वॉर्डात दहा माणसं असताना मी त्यांच्या तोंडापुढं हात नाचवले. कशाला लपवता? माग गेला, मालक गेला, आता कोण काढणार आहे तुम्हाला?

नानांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. मग अम्माला खूण केली. अम्मानं घरनं आणलेल्या पिशवीतनं पेपर काढून दिला. घडी तशीच होती. नानांनी मथळ्यावर बोट ठेवलं.

"हे तू लिहिलंस न्हवं?" ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं जरा मोठ्यानंच. "बहिरे असाल तर घरी बसा. मग बहिरा हाय म्हणून सांगितल्यावर मला पुन्हा सायकलवर बसू देतील काय? तो हवालदार हॉर्नचं इचारतोय, ते कळलं की मला. त्याचं तोंड दिसत हुतं. कळूनच व्हय म्हणलो. दुसरं काय इचारलं ते कळलं न्हाई."

मग त्यांचं बोट खाली सरकलं, फोटोतल्या तिसऱ्या सायकलवाल्यावर. पाठमोरा माणूस, हँडलला निळी पिशवी. "हा आमच्या घड्या घालणाऱ्यातला," ते म्हणाले. "चौघंबी मागावर काम केलेलेच हायत. कारखान्याचा फाटा डावीकडं हाय म्हणून तेवढं आलेत त्या बाजूला. पिशवी बघून तरी वळखायचं."

मी ती पिशवी वर्षानुवर्षं बघितलेली होती. डबा घेऊन जाणारी मीच होते ना? लाजेनं माझी मान वर होईना. 'नाना, चुकलं' एवढं म्हणायला माझ्याकडं हाताची खूणही नव्हती. कारखान्यात कुणी कुणाला चुकलं म्हणत नसणार. मी त्यांच्या पायाशी बसून रडले, आणि नाना बांधलेला खांदा सांभाळत अम्माला विचारत होते, हिला काय झालं?

मग डोळे पुसून मी हातानं एवढंच सांगितलं. सायकल तुमची. आरसा लावू. कुठल्या बाजूनं जायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला घरी बसवायला कुणी आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. नाना बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होते, खरं-खोटं पारखत. मग म्हणाले, "आरसा गोल नको. चौकोनी घे."

सोमवारी अकराच्या सुमारास हवालदार आला. स्टूल ओढून बसला, मांडीवर कागद घेतला. मी त्याच्या पाठीमागं उभी राहिले, नानांना माझे हात दिसतील अशी. तो विचारायचा, मी हातानं सांगायची. हॉर्न ऐकला होता का?

नानांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग वॉर्डभर बघितलं. शेजारच्या खाटांवरची माणसं कान देऊन ऐकत होती. आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच नानांनी आडवी मान हलवली.

"न्हाई. मला ऐकू येत न्हाई."

"कवापासनं येत न्हाई, आजोबा?"

मी हात हलवले. नानांनी बोटांवर हिशेब लावला.

"लई वर्षं झाली. हिला पेपरात नोकरी लागली, तवा ही पळत येऊन काईतरी सांगायला लागली. मला काय बी ऐकू आलं न्हाई. तोंड हसरं हुतं, म्हणून मीबी हसलो. नोकरीचं मागनं हिच्या आईनं हातानं सांगितलं." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचा आवाज कसला हाय, त्ये आता आठवत न्हाई."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं वळून माझ्याकडं बघितलं.

"ताई, हेबी लिहू काय?"

"लिहा," मी म्हणाले. मग हातानंही तेच सांगितलं, नानांना कळावं म्हणून.